ऑफिस आणि वरच्या मजल्यावरचं घर: आयपी फोन कोणते घ्यावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीत सीएचं ऑफिस आहे. तळमजल्यावर रिसेप्शन धरून ८ टेबलं, वरच्या मजल्यावर घर. इतकी वर्षं ३ लाइन आणि ८ एक्स्टेन्शनचं ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसमधलं छोटं एक्स्चेंज होतं. तांब्याची लाइन बंद होऊन फायबर आलं, लँडलाइन नंबर तोच राहिला. आता ईपीएबीएक्सचं कार्डही गेलंय, म्हणून सगळंच आयपीवर, म्हणजे लॅन-इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवर न्यायचा विचार आहे.

एका विक्रेत्याने ८ रंगीत स्क्रीनवाले वायफाय फोन सुचवलेत. "वायर ओढायची कटकट नाही" असं त्याचं म्हणणं. प्रत्येक टेबलावर लॅनचा एकेक पॉइंट आहे, पण तो कॉम्प्युटरला लावलेला आहे.

प्रश्न असे:
१. वायफाय फोन घ्यावेत की वायरचे?
२. सध्याचा लँडलाइन नंबर या फोनवर घेता येतो का?
३. वर सासूबाईंना ऐकायला कमी येतं. मोठ्या बटणांचा जुना फोन त्यांना सोडायचा नाही. तो चालेल का?
४. वीज गेली तर काय?

बजेट सगळं धरून ४५ हजारांच्या आसपास. स्क्रीनची हौस नाही, आवाज स्वच्छ हवा.

लॅनवाला

फोनचं मॉडेल हा यातला शेवटचा प्रश्न आहे. आधी नंबर कुठून येतो, मग वीज कुठून येते, मग वायर. हे तीन ठरलं की मॉडेल निवडायला पाच मिनिटं लागतात.

नंबरपासून सुरू करा. फायबरच्या डब्याच्या, म्हणजे ओएनटीच्या मागे लॅनच्या पोर्टपेक्षा अरुंद असं टेलिफोनचं पोर्ट असेल. त्यावर फोनचं चित्र किंवा 'टेल' असं लिहिलेलं असतं. तुमचा लँडलाइन नंबर तिथेच येतो. एकट्या घरासाठी विचारत असता तर सांगितलं असतं की आयपी फोन घेऊच नका, साधा बटणांचा फोन त्या पोर्टला लावा आणि विषय संपवा. आठ टेबलं आहेत म्हणून मध्ये आयपी पीबीएक्स, म्हणजे ईपीएबीएक्सचं काम लॅनवर करणारा डबा हवा. तो नंबर थेट आयपी फोनमध्ये भरायचा तर ऑपरेटरकडून सिपचा (आयपी फोन ज्या भाषेत कॉल जोडतात तिचा) युजरनेम-पासवर्ड लागतो, आणि घरगुती फायबर प्लॅनवर तो सहसा देत नाहीत.

म्हणून रस्ता असा: ओएनटीच्या टेलिफोन पोर्टमधून दोन तारांची वायर पीबीएक्सच्या एफएक्सओ पोर्टला. ग्रँडस्ट्रीमच्या यूसीएम६३०१ मध्ये १ एफएक्सओ आणि १ एफएक्सएस पोर्ट असतं, तुम्हाला ते नेमकं बसतं. एफएक्सओला बाहेरून लाइन येते, एफएक्सएसमधून फोनला लाइन जाते. उलट जोडलं तर डायलटोनसुद्धा येणार नाही. पुढे दुसरा नंबर किंवा एकाच वेळी ४-५ बाहेरचे कॉल हवे झाले की ऑपरेटरकडून सिप ट्रंक, म्हणजे एकाच वेळी अनेक कॉल नेणारी आयपी लाइन घ्या. ती याच पीबीएक्सवर उतरते, टेबलावरचे फोन बदलावे लागत नाहीत.

आता वायफाय. नको. एका कॉलला दर सेकंदाला डेटाची ५० पाकिटं जातात, प्रत्येकात २० मिलिसेकंदांचा आवाज. वेब पान अर्धा सेकंद अडकलं तर कळतही नाही, कॉलमध्ये मात्र अख्खा शब्द गिळला जातो. त्यातून वायफाय फोनलाही अडॅप्टर लागतोच, म्हणजे एक वायर राहतेच, आणि आठ टेबलांवर आठ प्लग जास्त होतात ते वेगळंच.

तुमच्याकडे टेबलागणिक एक पॉइंट आहे, तेवढा पुरे. बहुतेक आयपी फोनमागे दोन लॅन पोर्ट असतात. भिंतीतली वायर 'इंटरनेट' लिहिलेल्या पोर्टला लावायची आणि 'पीसी' पोर्टमधून छोटी वायर कॉम्प्युटरला. खोच एकच: फोन १०/१०० चा असेल तर त्याच्यामागचा कॉम्प्युटरही १०० एमबीपीएसवर येतो. टॅली आणि बँकेच्या साइटला फरक पडत नाही. सर्व्हरवरून मोठ्या फाइल उघडत असाल तर गिगाबिटवाला फोन घ्या.

वीज पीओईने द्या, म्हणजे लॅनच्या वायरमधूनच. ८०२.३एएफ मानकात स्विचच्या पोर्टवर १५.४ वॅट मिळतात, साधा डेस्क फोन २ ते ४ वॅटच घेतो. अडॅप्टर गायब, आणि एका यूपीएसवर सगळं चालतं. हिशोब करा: ८ फोनचे साधारण २५ ते ३० वॅट, स्विच, ओएनटी आणि राउटर मिळून २० ते २५, पीबीएक्सचे १० च्या आत. म्हणजे ५५-६५ वॅट. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. नवी बॅटरी या लोडला अर्धा-पाऊण तास देईल, दोन वर्षांनी त्याच्या निम्मं. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल तर रॅकचा सॉकेट त्यावर घ्या. मधला क्षणभराचा झटका खायला छोटा यूपीएस असू द्या, नाहीतर प्रत्येक वेळी ओएनटी बंद-चालू होऊन दोन-तीन मिनिटं फोन बंद.

आणि आता मॉडेल. सात टेबलांना यीलिंक टी३१पी किंवा ग्रँडस्ट्रीम जीआरपी२६०१पी. दोन्ही साधे, दोन्ही १०/१००. नावातलं शेवटचं 'पी' नीट बघून घ्या. टी३१ आणि जीआरपी२६०१ ही बिनपीओईची भावंडं आहेत, ऑनलाइन थोडी स्वस्त दिसतात आणि लोक तिथेच फसतात. गिगाबिट हवं तर टी३१जी. रिसेप्शनला मात्र हात आखडू नका. तिथे कोण बोलतंय, कोण मोकळं आहे हे दिव्यांवर दिसलं पाहिजे, म्हणजे बीएलएफ बटणं हवीत. टी४३यूला पडद्याच्या दोन्ही बाजूंना मिळून ८ बटणं आहेत, तीन पानांवर २१ नावं बसतात. आठ एक्स्टेन्शनला भरपूर झालं.

मेघनाताई

लॅनवाल्यांनी ऑफिसचं सांगितलंच आहे, मी वरच्या मजल्याचं सांगते.

सासूबाईंचा फोन बदलायचं काहीच कारण नाही. यूसीएमच्या एफएक्सएस पोर्टला तो थेट लागतो आणि एक्स्टेन्शन होतो. ते पोर्ट दुसऱ्या कामाला लागलं तर एचटी८०१ नावाचा छोटा अडॅप्टर घ्या: एका बाजूला लॅन, दुसऱ्या बाजूला साधा फोन.

वर लॅनची वायर न्यायचीही गरज नाही. ईपीएबीएक्सची दोन तारांची जुनी जोडी वर गेलेलीच असणार. अडॅप्टर खाली रॅकमध्ये ठेवा आणि फोनची लाइन त्या जोडीवरून वर चढवा. फक्त ती जोडी दुसऱ्या टोकाला जुन्या ईपीएबीएक्समध्ये किंवा खांबावरून आलेल्या लाइनमध्ये अडकलेली नाही ना, हे टॅग ब्लॉकवर (तारा जोडायच्या पट्टीवर) आधी सोडवून बघा. एफएक्सएस पोर्ट स्वतः लाइनवर साधारण ४८ व्होल्ट टाकतं. समोरूनही व्होल्टेज आलं तर पोर्ट जळतं, आणि ते वॉरंटीत बसत नाही.

ऐकू कमी येण्याचं: अडॅप्टरच्या सेटिंगच्या पानात एफएक्सएस पोर्टचा गेन (आवाजाची पातळी) वाढवता येतो. एकदम टोकाला नेऊ नका, एकेक पायरी चढवा. आवाज जास्त वाढवला की समोरच्याला स्वतःचाच प्रतिध्वनी यायला लागतो. नंबर दिसत नसेल तर कॉलर आयडीची पद्धत एफएसकेवरून डीटीएमएफ करून बघा. जुन्या फोनांना दोन्हींपैकी एकच समजते.

घरात हिंडताना बोलायचं असेल तर वायफाय फोनपेक्षा डेक्ट, म्हणजे स्वतःच्या रेडिओ बेसवर चालणारा कॉर्डलेस बरा. यीलिंकच्या डब्ल्यू७३पी मध्ये बेस आणि एक हँडसेट येतो, त्याच बेसला पुढे १० हँडसेटपर्यंत जोडता येतात. कंपनी घरातला पल्ला ५० मीटर सांगते, पण एक स्लॅब मध्ये आला की तो बराच घटतो. म्हणून बेस जिन्याच्या वरच्या टोकाला ठेवा, रॅकमध्ये कोंडू नका.

अमेरिकेहून कोणी 'डेक्ट ६.०' चा कॉर्डलेस आणून देतो म्हणालं तर नको म्हणा. तो १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो, आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाइलच्या २१०० बँडचा अपलिंक (मोबाइलकडून टॉवरकडे जाणारा रस्ता) आहे.

कृष्णाकाठ

मनापासून धन्यवाद, डोक्यातला गोंधळ बराच कमी झाला. ओएनटीवर टेलिफोनचं पोर्ट आहे, पाहिलं.

आणखी तीन गोष्टी. सीसीटीव्हीवाल्याने बदललेला ८ पोर्टचा पीओई स्विच पडून आहे, तो वापरता येईल? लॅमिंग्टन रोडवर सिस्कोचे वापरलेले फोन निम्म्याहून कमी किमतीत मिळतायत, घ्यावेत का? आणि पुण्यातल्या भागीदाराकडे एक व अमेरिकेत मुलीकडे एक असं एक्स्टेन्शन देता येईल का?

लॅनवाला

स्विच चालेल, पण पुढच्या बाजूला एक छोटं सरकतं बटण असेल ते बघा. त्यावर 'एक्स्टेंड', 'व्हीलॅन' किंवा 'सीसीटीव्ही' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते बंद हवं. एक्स्टेंडमध्ये पोर्ट १० एमबीपीएसवर उतरतं. कॅमेरा २५० मीटरवर चालावा म्हणून केलेली ती सोय आहे. व्हीलॅनमध्ये पोर्टं एकमेकांना दिसत नाहीत, फक्त अपलिंकशी, म्हणजे राउटरकडे जाणाऱ्या पोर्टशी बोलतात. मग गंमत अशी होते की फोन रजिस्टर होतो (पीबीएक्सशी जोडला जातो), बाहेरचे कॉल झकास लागतात, पण टेबल ३ वरून टेबल ५ ला लावला की रिंग वाजते आणि उचलल्यावर दोन्हीकडे शांतता. कारण बरेचदा पीबीएक्स दोन फोनचा आवाज थेट एकमेकांकडे पाठवायला सांगतो आणि तो रस्ताच स्विचने बंद केलेला असतो. लोक फोन बदलतात, पीबीएक्स फॉरमॅट करतात, बटणाकडे कोणी बघत नाही.

दुसरं, त्यावर ८०२.३एएफ लिहिलंय ना ते तपासा. नुसतं '२४व्ही पीओई' असेल तर तो पॅसिव्ह प्रकार आहे, वायफाय रेडिओसाठीचा. त्यावर हे फोन उठणार नाहीत. आणि ८ पोर्टमध्ये तुमचे ८ फोन बसले की पीबीएक्स व राउटर अपलिंकच्या पोर्टांवर जातील. अपलिंक दोन असतील तर भागेल, एकच असेल तर पीबीएक्स राउटरच्या लॅन पोर्टला लावा.

वायर कुठली आहे तेही बघा. स्वस्त कॅट-६ म्हणून विकली जाणारी बरीच वायर आतून तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असते. कापून टोक ब्लेडने खरवडलं की आत पांढरं दिसतं. २० मीटरपर्यंत फोन चालून जातो, लांबच्या टेबलावर मात्र तो अधूनमधून आपोआप रीस्टार्ट होतो आणि दोष फोनला लागतो.

वापरलेल्या सिस्कोच्या वाटेला जाऊ नका. ७८२१ सारखा फोन दोन प्रकारच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) येतो. मोठ्या कंपन्यांतून निघालेले बहुतेक फोन सिस्कोच्याच कॉल मॅनेजरला बांधलेल्या फर्मवेअरचे असतात, तुमच्या पीबीएक्सवर ते नीट चालणार नाहीत. मॉडेलच्या पूर्ण नंबरात '३पीसीसी' असेल तरच तो साध्या सिपचा. त्याहून जुने ७९४०, ७९६० तर मुळात दुसऱ्याच भाषेत बोलतात. इतर ब्रँडच्या जुन्या फोनलाही एक मेख असते: मॅक अॅड्रेस (फोनचा कायमचा ओळख क्रमांक) आधीच्या मालकाच्या सर्व्हरला नोंदलेला असेल तर फॅक्टरी रीसेट केल्यावर फोन पुन्हा तिकडेच जातो. आधीच्या मालकाने नोंद काढल्याशिवाय तो सुटत नाही.

खडखडाट

मी वेगळं मत मांडतो. सात टेबलांपैकी चार जण दिवसभर क्लायंटकडे असतील तर त्यांना डेस्क फोन कशाला? मोबाइलवर सिपचं अॅप टाका, पैसे रिसेप्शनच्या फोनवर आणि चांगल्या हेडसेटवर घाला.

लॅनवाला

@खडखडाट, बाहेर फिरणाऱ्यांना अॅप ठीक. पण टेबलावर बसणाऱ्याला नको. अँड्रॉइड बॅटरी वाचवायला अॅप झोपवतो आणि रिंगच येत नाही. पुश नोटिफिकेशनची सोय पीबीएक्सकडून नीट लावली तरच भरवसा. रिटर्नच्या मोसमात 'फोन उचलत नाहीत' हे ऐकून घ्यायला कोणालाच आवडणार नाही. तीन डेस्क फोन कमी करून तिथे अॅप, इथपर्यंत मी तुमच्याशी सहमत.

सिपसिप

मोसम आणि मॉडेल झालं, आता लावल्यावर काय बिघडतं ते. कृष्णाकाठ, हे छापून रॅकच्या दारावर लावा.

पहिलं काम राउटरमधलं 'सिप एएलजी' बंद करणं. पाकिटातले पत्ते दुरुस्त करण्याच्या नावाखाली ते बिघडवतं. तुमचे फोन आणि पीबीएक्स एकाच नेटवर्कवर आहेत म्हणून आज त्रास होणार नाही, पण सिप ट्रंक किंवा पुण्याचा फोन आला की एका बाजूचा आवाज गायब होणं इथूनच सुरू होतं.

कॉल बरोब्बर ३० ते ३२ सेकंदांनी तुटत असेल तर इंटरनेटचा वेग तपासत बसू नका. उत्तर दिल्यावर समोरून येणारी पोच पोहोचत नाही, सिप ५०० मिलिसेकंदांच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद वाट बघतं आणि कॉल सोडतं. दोष पत्त्यांत: एएलजी, किंवा पीबीएक्समध्ये बाहेरचा आयपी चुकीचा भरलेला. १५ मिनिटांनी तुटत असेल तर सेशन टायमर. तो बहुधा १८०० सेकंदांचा असतो, निम्म्या वेळेला नूतनीकरण होतं आणि ते मधल्या राउटरने अडवलेलं असतं.

बाहेर कॉल लागतो पण काही वेळाने येणं बंद होतं? राउटर पाकिटांची परत यायची (यूडीपीची) वाट अर्ध्या मिनिटातही विसरतो. फोनमध्ये कीप-अलाइव्ह (ती वाट जागी ठेवणारं पाकीट) २० सेकंदांवर ठेवा आणि रजिस्ट्रेशनची मुदत ३६०० ऐवजी ३०० सेकंद करा. हे फक्त बाहेरच्या एक्स्टेन्शनला.

बँकेच्या कॉलमध्ये 'मराठीसाठी १ दाबा' म्हटल्यावर दाबूनही काही होत नसेल तर डीटीएमएफ (दाबलेल्या बटणांचे टोन पाठवायची पद्धत) 'आरएफसी २८३३' वर ठेवा, फोनमध्येही आणि पीबीएक्समध्येही. दोन्हीकडे वेगळं ठेवलं तर एकाच दाबण्याचे दोन आकडे जाऊ शकतात.

तुमच्या बाबतीत नक्की येणारी अडचण एफएक्सओची आहे. समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून राहते आणि पुढच्याला एंगेज लागतो. पीबीएक्सला कॉल संपल्याचं टोन ऐकून ओळखावं लागतं. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झ, ७५० मिलिसेकंद चालू आणि ७५० बंद. यूसीएममध्ये देश 'इंडिया' निवडा. तरीही अडकत असेल तर ओएनटीने परदेशी टोन लावलेला असण्याची शक्यता आहे. मोबाइलवरून लँडलाइनला कॉल करून मोबाइल आधी ठेवा, लाइनला लावलेल्या साध्या फोनवर टोन ऐका, आणि त्याप्रमाणे आकडे भरा.

वेगाचं म्हणाल तर जी.७११ कोडेकला (आवाज डेटात बदलायच्या पद्धतीला) इथरनेटवर एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात. आठही फोन एकदम बाहेर बोलत असले तरी ७०० केबीपीएस. म्हणजे १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करून आवाज सुधारणार नाही. बिघडतो तो अपलोड तुंबल्यावर: कोणीतरी टॅलीचा बॅकअप ड्राइव्हवर चढवतं आणि कॉल तुटक होतो. राउटरमध्ये अपलोड प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा आणि फोनच्या पाकिटांना प्राधान्य द्या. फोन त्यांच्यावर डीएससीपी ४६ ची खूण करून पाठवतात. आतल्या आत बोलायला जी.७२२ वर ठेवा. बिट तेवढेच लागतात, पण 'श' आणि 'स' वेगळे ऐकू येतात, आणि पॅन नंबर सांगताना त्याचा उपयोग होतो. लँडलाइनमधून आलेला कॉल मात्र जी.७११ च्या पुढे सुधारणार नाही, महाग फोन घेतला तरी.

रात्री तीनला रिंग वाजून '१००' किंवा '१००१' असा नंबर दिसला तर ते भूत नाही, सिपचं ५०६० पोर्ट बाहेर उघडं राहिलंय आणि कोणाचा तरी स्कॅनर दार ठोठावतोय. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग काढा. शिवाय यीलिंकमध्ये 'अॅक्सेप्ट सिप ट्रस्ट सर्व्हर ओन्ली' आणि ग्रँडस्ट्रीममध्ये 'अॅक्सेप्ट इनकमिंग सिप फ्रॉम प्रॉक्सी ओन्ली' चालू करा. एक्स्टेन्शन २०१ चा पासवर्ड २०१ ठेवू नका. आयएसडी लागत नसेल तर ऑपरेटरकडूनच बंद करून घ्या, पीबीएक्समधल्या बंदीवर विसंबू नका.

पुणे आणि अमेरिका. तांत्रिक रस्ता व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी बोगद्याचा: ऑफिसच्या राउटरवर व्हीपीएन, पुण्याच्या फोनमधला ओपनव्हीपीएन क्लायंट त्याला जोडतो. घरगुती फायबरवर बहुधा सीजीनॅट असतं, म्हणजे बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत पोहोचताच येत नाही. ऑपरेटरकडून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी मागा. मुलीने अमेरिकेतून तुमच्या एक्स्टेन्शनवर बोलणं म्हणजे इंटरनेटवरून इंटरनेटवर बोलणं, त्यात अडचण नाही. पण तिच्या एक्स्टेन्शनला सांगलीची लँडलाइन उचलायची परवानगी देऊ नका. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल परवान्याशिवाय इथल्या टेलिफोन जाळ्यात उतरवणं म्हणजे टोल बायपास, आणि छापे पडतात ते बेकायदा एक्स्चेंज हेच करतात. यूसीएममध्ये आउटबाउंड रूटला एक्स्टेन्शननिहाय परवानगी लावता येते, तिथे तिचं नाव वगळा.

कृष्णाकाठ

@सिपसिप, छापलंच. मग यादी अशी: यूसीएम६३०१ एक, टी४३यू एक, टी३१पी चार, बाकी तिघांना अॅप, एचटी८०१ एक राखीव. स्विच जुनाच, बटण बंद करून. फिरत्या लोकांचे मोबाइल हेडसेट टी३१पीला लागतील का? आणि पीओई असताना अडॅप्टरही घ्यावा का?

लॅनवाला

मोबाइलचे लागणार नाहीत. टी३१पीचं हेडसेट पोर्ट आरजे९ आहे, ३.५ मिमीची पिन त्यात जात नाही. आरजे९ वायरचाच हेडसेट घ्या, आणि घेताना यीलिंकसाठी म्हणून सांगा, कारण आरजे९ मध्ये तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो आणि चुकीचा लागला तर ऐकू येतं पण माइक मुका राहतो.

अडॅप्टर एकच घ्या, स्विचचं पोर्ट गेलं तर तपासायला. तो ५ व्होल्ट ०.६ अँपिअरचा. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर त्याच रॅकमध्ये लोंबत असतो आणि बरेचदा पिनही तशीच बसते, म्हणून दोन्हींवर आधीच मार्करने व्होल्ट लिहून ठेवा. आणि चारही टी३१पी एकदम मागवू नका. आधी एक आणा, यूसीएमसोबत आठवडाभर लँडलाइन अडकते का ते बघा, मग उरलेले तीन.